खुंटीवरच्या बांगड्या

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे माझी बाजू घेण्याच्या भानगडीत कोणी पडणार नाही. दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसात मी मॅनेजर आहे. जानेवारी ते एप्रिल आमचा हंगाम, आणि त्या चार महिन्यांत गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी मी फक्त झोपायला जातो. बागांतून क्रेट भरून द्राक्षं येतात, साठएक बाया टेबलांशी उभ्या राहून कात्रीने घडातले खराब मणी काढतात, अर्ध्या किलोचे डबे भरतात, डबे खोक्यांत जातात, खोकी कंटेनरमध्ये आणि कंटेनर समुद्रापार. मधे कुठे काही चुकलं की शिव्या मला पडतात, आणि मी त्या जशाच्या तशा खाली पोचवतो. निदान पोचवत असे.

या पॅकहाउसच्या दारात खातूनबी असते. साठीकडे झुकलेली, अंगाने काटकुळी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आवाज मात्र आठवडे बाजारात कमावलेला. तिचं काम एवढंच की आत येणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासायचे. नखं वाढलेली नकोत, जखम नको, अंगठी नको, बांगडी नको. खाण्याचा माल, त्यात एखादा केस सापडला तरी तिकडचं गिऱ्हाईक डोळे वटारतं. हे नियम काही मी केलेले नाहीत, पण दारावर चिकटवले मीच, आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली.

माझा तो पहिलाच हंगाम होता. ठसठशीत अक्षरांत पाटी लावली : बांगड्या काढून मगच आत यावे. सकाळी साडेसातला येऊन बघतो तर साठच्या साठ बाया बाहेर आणि आत टेबलं रिकामी. मी आवाज चढवला. बायडाबाई म्हणून आमची सगळ्यात जुनी कामगार आहे, ती शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी बाईमानसाला सकाळच्या पारी असं सांगत्यात का?"

नवरा असताना बाईने हात मोकळे ठेवायचे नसतात, बांगड्या उतरतात त्या एकाच वाईट दिवशी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईचा हात मी कधी मोकळा पाहिलेला नाही. पण कामावर निघताना मी असल्या गोष्टी घरीच ठेवून येत असे. मी पाटीकडे बोट दाखवत राहिलो आणि बाया आपापल्या मनगटांकडे बघत राहिल्या.

खातूनबी तेव्हा टेबलावर कात्री चालवायची. ती घोळक्यातून पुढे आली, पाटी काढली, उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आणि मला म्हणाली, "साहेब, तुमी जावा आत. अर्धा घंटा द्या मला."

तिचं घर मनियाराचं. नवरा जमील होता तोवर दोघांनी मिळून दिंडोरी-वणीकडचे बाजार केले, चैत्रात गडाच्या यात्रेत पाल टाकलं, आणि चाळीस वर्षं खातूनबीने बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. जमील गेल्यावर एकटीने पेट्या वाहणं होईना, म्हणून ती आमच्याकडे आली. त्या सकाळी तिने साबणाचं पाणी मागवलं. एकेकीचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबून पंजा मऊ करायची आणि एकही बांगडी न फुटता सगळ्या उतरवून घ्यायची. काढ म्हणून कोणालाच म्हणाली नाही. "माझ्याकडं दे गं ठेवायला, सांजच्याला मीच भरते," एवढंच प्रत्येकीला सांगायची. प्रत्येकीच्या बांगड्या नाडीत ओवून, नंबराचा बिल्ला अडकवून तिने भिंतीवरच्या खुंट्यांना टांगल्या.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर दाराशी बसून तिने सगळ्यांचे हात पुन्हा भरले. बांगड्या भरून झाल्या की मनियारणीला नमस्कार करायची आपल्याकडे रीत आहे. साठ बाया वाकल्या आणि ती साठ वेळा "सुखी ऱ्हा" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून गेट तिचं झालं, मी कुठलाही हुकूम न काढता. आठवड्याभरात तिने सव्वादोन मापाच्या हातांना अडीचच्या सैल बांगड्या दिल्या, म्हणजे रोजची ओढाताण नको.

मला मात्र तिचा राग यायचा. सकाळची वीस मिनिटं, संध्याकाळची वीस मिनिटं, आणि वर ही बाई हात नुसते बघायची नाही, धरून ठेवायची. "बायडे, हात तव्यावानी तापलाय, आज खोक्यांवर बस." "तू गं, उपाशी आलीस ना, जा, आधी चहा-टोस्ट खाऊन ये." खोक्यांवर म्हणजे पलीकडच्या खोलीत, जिथे पुठ्ठे दुमडून रिकामी खोकी तयार करतात. तिथे बसून काम असतं आणि द्राक्षाचा मणीसुद्धा नसतो. ज्या बाईचं त्या दिवशी बरं नाही, तिला खातूनबी गेटवरूनच तिकडे वळवायची आणि धडधाकट बाईला टेबलावर पाठवायची. मला वाटायचं, ही चक्क वशिलेबाजी आहे. एकदा तोंडावर बोललोही.

"वशिला कसला साहेब," ती म्हणाली. "तोंड काय, कायबी सांगतं. बरं हाय म्हनतं नि मोकळं होतं. हाताला नाय जमत तसं."

मी फोन काढला. तिच्या टेबलवाटपाने वजनाच्या चुका कमी झाल्यात हे मला दिसत होतं, पण ते कबूल करायला मोठं मन लागतं. खरं तर नियमाप्रमाणे आत येणाऱ्या प्रत्येकाने गेटवर हात दाखवायचे. आमचे मालक रविराजदादाही आले की निमूट दोन्ही हात पुढे करायचे. मी ऑफिसच्या जिन्याने वर जायचो आणि आतल्या दाराने खाली उतरायचो. माझे हात कोणी बघितलेले मला चालणार नव्हते.

आता सरिताची गोष्ट. सरिता म्हणजे आमची एकतीस नंबर. माहेर देवळ्याकडचं, आदल्या मे महिन्यात लग्न होऊन इकडे आली. नवरा अमोल ओझरला नोकरीला. फेब्रुवारीत एका संध्याकाळी घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. नाशिकच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडलेला, आत एका वेळी एकालाच सोडत, तिथे त्याचे आईवडील बसलेले. तीन दिवस सरिता घरात एकटी भिंतीकडे बघत बसली आणि चौथ्या दिवशी कामावर आली.

गेटवर तिने डाव्या हाताच्या बांगड्या उतरवून दिल्या. उजवी बाही मनगटापर्यंत ओढलेली होती. खातूनबीने हात धरला तेव्हा बाहीच्या आत तिच्या बोटांना दोन बांगड्या लागल्या. सरिता तिच्याकडे बघत राहिली. खातूनबीने कारण विचारलं नाही. बाही आणखी खाली ओढली, वरून रबर लावलं आणि म्हणाली, "खोक्यांवर बस. माल असंल तिकडं फिरकू नको." मग जिन्याशी येऊन मला म्हणाली, "साहेब, एकतीस नंबर आज खोक्यांवरच ऱ्हाऊ द्या." मी मान हलवली. माझ्या कानाला फोन होता.

त्या दिवशी माझी मुलगी तापाने फणफणलेली होती, तिसरा दिवस. बायको, तेजस्विनी, तिला घेऊन रक्ततपासणीला गेली होती आणि मी दर दहा मिनिटांनी फोन करत होतो. साडेपाचला कंटेनर बंद व्हायचा होता. दुपारी बायडाबाईला चक्कर आली, खातूनबी तिला टेम्पोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि चार नंबर टेबलावर एक जागा रिकामी पडली. मी खोक्यांच्या खोलीत डोकावलो. सरिता समोरच होती.

"ऊठ. चार नंबरवर जा."

"साहेब, मावशींनी मला खोक्यांवरच बसायला सांगेल शे."

"मावशी मॅनेजर आहे का इथली?"

ती उठली. टेबल बदललं की वहीत नोंद करायची असते. ती मी केली नाही.

संध्याकाळी तिचे डोळे लाल दिसले होते मला. घरचं काहीतरी असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. प्रत्यक्षात झालं होतं असं, की क्रेट उचलताना त्याची कड तिच्या हातावर आपटली आणि बाहीतल्या दोन्ही बांगड्या फुटल्या. तिकडे नवरा शुद्धीवर नाही आणि इकडे हिच्या हातातली काच फुटली. तिने सापडतील तेवढे तुकडे गोळा करून कमरेला खोचले आणि गपचूप कात्री चालवत राहिली. तिच्या जागी मी असतो तर मलाही द्राक्षं सुचली नसती.

खातूनबी परत आली तेव्हा कंटेनर निघून गेला होता. बांगड्या भरताना तिने सरिताचा हात पाहिला, ओरखडे पाहिले, आणि सरिताने कमरेचे तुकडे काढून देत सगळं सांगितलं. खातूनबीने आपल्या पिशवीतून दोन नव्या हिरव्या बांगड्या काढून तिच्या हातात भरल्या. "जुन्या गेल्या त्या तुझ्यावरचं संकट घेऊन गेल्या. जा आता दवाखान्यात," म्हणाली. आठवड्याने अमोलने डोळे उघडले. आज तो ठणठणीत आहे. त्यात बांगड्यांचा काय संबंध हे मला विचारू नका, मी शेतकी कॉलेजातून शिकलेला माणूस आहे. पण त्या बातमीने बरं वाटलं, एवढं नक्की.

चार आठवड्यांनी, मार्च संपता संपता, तिकडच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. रविराजदादांच्या फोनवर फोटो होता : हिरव्या मण्यांमध्ये हिरवी काच, गव्हाच्या दाण्याएवढी. नशिबाने कोणाला इजा झाली नव्हती. खोक्यातल्या चिठ्ठीवर डबे भरणारीचा नंबर होता एकतीस. सोबत पत्र होतं, की जबाबदार माणूस शोधा, त्याला मालापासून दूर करा आणि तसं लेखी कळवा, नाहीतर पुढचे कंटेनर पाठवू नका.

दादांनी सरिताला, खातूनबीला आणि मला ऑफिसात बोलावलं. फोटो टेबलावर ठेवला. सरिताचा नवरा अजून घरी पडून होता आणि तिच्या एकटीच्या कामावर घर चाललं होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात खातूनबी पुढे झाली.

"दादा, गेटवर हात मी बघते. काच आत गेली ती माझ्या हाताखालून गेली. मला म्हाईत व्हतं नि मी सोडलं. पोरीला काय बोलू नका."

"माहीत होतं?" दादांचा आवाज चढला. "मग थांबवलं का नाही?"

"ती तशा हालतीत नव्हती."

खोक्यांच्या खोलीचं ती बोलली नाही. माझं नाव तर तिने काढलंच नाही. दादांनी माझ्याकडे बघितलं. "योगेश, तुला काही सांगायचंय?"

मी नाही म्हणालो. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते, पण तेच झालं. सरिताने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दादा म्हणाले, "खातूनबी, उद्यापासून गेट दुसऱ्याकडे. तुम्ही हंगाम संपेपर्यंत या, पुढच्या वर्षीचं नंतर बघू." पुढच्या वर्षीचं नंतर बघू म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

त्या संध्याकाळी तिने शेवटचे हात भरले. मी वरच्या काचेतून बघत होतो. बाया एरवी घाईत असतात, एसटी पकडायची असते, पण त्या दिवशी कोणी हलत नव्हतं. सगळ्या गेल्यावर मी खाली उतरलो. गेटचं सामान तिने माझ्या पुढ्यात ठेवलं, साबणाचा डबा, नखं कापायची कात्री, बिल्ल्यांची माळ. शेवटी एक गाठ मारलेला रुमाल.

"हे त्या दिशीच तुमाला दाखवाया आनलं व्हतं. राहून गेलं."

मी गाठ सोडली. आत हिरव्या काचा होत्या. तिने तिथेच पायरीवर त्या जुळवून दाखवल्या. पहिली बांगडी पूर्ण झाली. दुसरीत एक फट राहिली, गव्हाच्या दाण्याएवढी.

मग मला आठवलं. त्या संध्याकाळी ती खरंच माझ्या केबिनच्या दारात आली होती, हातात रुमाल घेऊन. मी फोनवर होतो आणि हाताने तिला "आता नाही" अशी खूण केली होती. ती क्षणभर उभी राहिली आणि गेली.

"अहो, मग ओरडून सांगायचं ना मला," मी म्हणालो. चूक माझी असली तरी ओरडायची सवय जात नाही.

"सांगायला पायजेलच व्हतं. थितं चुकलंच माझं, ते मी दादांना खोटं नाय सांगितलं," ती म्हणाली. "पर तुमचा फोनवाला हात थरथरत व्हता. म्हनलं, मानसाच्या घरी कायतरी हाय, आज नको. दुसऱ्या दिशी गाडी बंदराला लागलेली, मंग माझी हिंमत नाय झाली." रुमालाला पुन्हा गाठ मारत तिने विचारलं, "पोरीला ताप व्हता ना तुमच्या? उतरला?"

उतरला होता. कधीच उतरला होता. पॅकहाउसात हे मला कोणीच विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे. जिचं काम माझ्यामुळे जात होतं, ती बाई माझ्या मुलीचा ताप विचारत होती. मला रडू आलं असं नाही म्हणत, पण गाडी सुरू करायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी दादांच्या समोर उभा होतो. टेबल बदललं ते मी, नोंद केली नाही ती मी, रुमाल घेऊन आलेल्या बाईला परत पाठवलं ते मी, असं सगळं सांगून टाकलं आणि रुमाल सोडून ठेवला. तापटपणा शिकावा तर दादांकडून. अर्धा तास त्यांनी मला असं झापलं की बाहेर ट्रकवाले गप्प झाले. मग खाली बसले आणि म्हणाले, "काल विचारलं तेव्हा बोलला असतास तर मला त्या म्हातारीला तसं बोलावं लागलं नसतं." हे झापण्यापेक्षा जास्त लागलं.

गिऱ्हाइकाला काय लिहायचं ते तिथेच ठरलं. झालं ते जसंच्या तसं कळवायचं. यापुढे कोणाचंही टेबल बदलायचं तर गेटवरून विचारून. आणि ज्या बाईला ज्या दिवशी बांगड्या उतरवणं जमणार नाही, तिने तसं गेटवर सांगायचं आणि खोक्यांवर बसायचं, कारण विचारायचं नाही. चोरून आत जाणं बंद, सोडून देणंही बंद.

"आणि जबाबदार माणसाला मालापासून दूर करा असं पत्रात आहे," दादा म्हणाले. "ते करावंच लागेल. हंगाम संपेपर्यंत तू खोक्यांवर. गेट खातूनबीकडेच राहील."

मी खाली आलो तेव्हा साडेसात झाले होते. गेटवर कोणी नव्हतं. साठ बाया बाहेर उभ्या होत्या, हातात बांगड्या तशाच. माझ्या पहिल्या हंगामात उभ्या होत्या तशाच. मधे खातूनबी, हातात जेवणाचा डबा, टेबलावर कामाला जायच्या तयारीने. बायडाबाई म्हणाली, "दुसऱ्या कुनाकडं नाय ठेवनार साहेब आमी बांगड्या. काय करायचं ते करा."

मी साबणाचा डबा आणि बिल्ल्यांची माळ खातूनबीच्या हातात दिली. "गेट तुमचं. दादांना सगळं सांगितलंय मी."

"मंग काय म्हनले दादा?"

"मला खोक्यांवर बसवलंय."

हसू पहिल्यांदा सरिताला फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, मग सगळ्याच हसल्या. मीही हसलो असतो, पण मला सवय नव्हती. खातूनबी मात्र हसली नाही. तिने चष्मा सारखा केला, खुंट्यांखाली आपली जागा घेतली आणि म्हणाली, "मंग साहेब, रांगेत उभं ऱ्हावा."

जिना चार पावलांवर होता. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. एकेकीच्या बांगड्या खुंटीवर चढत गेल्या आणि माझा नंबर आला. मी हात पुढे केले. तिने दोन्ही हात धरले आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं, जसं ती सगळ्यांचं दाबते तसंच. बराच वेळ तिने ते सोडले नाहीत.

"रातभर झोपला नाय तुमी," ती म्हणाली. "पोटातबी काय नाय. हात गार पडल्यात. आधी चहा घ्या, मंग खोक्यांवर जावा."

मी आधी चहा घेतला.